रुस्ताकचा फॅरो आणि कुडाळची एसटी

माझे डोंबिवलीचे मामा महिनाभरासाठी मस्कतला आमच्याकडे आले आणि दहा दिवस आम्ही जेवताना इजिप्तच जेवलो. निवृत्तीनंतर ते घरबसल्या चित्रलिपी शिकले आहेत. रुस्ताकजवळच्या एका फार्मवर इजिप्शियन देवळासारखे पुतळे उभे केलेत असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, निदान एक दिवस मामा पुतळ्यांशी बोलतील.

शुक्रवारी सातला निघालो. रस्ता लोण्यासारखा, दोन तास पुरतात. वाटेत केरळी हॉटेलात चहा-पराठा खाऊन घ्या, कारण फार्मवर फक्त चिप्स मिळतात. तिकीट एक रियाल.

तिथे चार पुतळे, चारही पुतळ्यांचा उजवा पाय पुढे होता. खऱ्यांचा डावा असतो, म्हणून मामा आधी त्यांच्यावर रागावले. मग त्यांनी एका पुतळ्यावर कोरलेली लिपी वाचायला घेतली. पक्ष्यांची तोंडं जिकडे, तिकडून वाचायचं, हे त्यांनी मोठ्याने सांगितलं तशी दहा-बारा माणसं जमली. दोन ओळी झकास गेल्या. तिसऱ्या ओळीत माड, बांगडा आणि चाकांचा डबा आला. मामा अडले. एवढ्या लोकांसमोर थांबायचं कसं? "राजा रथातून समुद्राकडे निघाला," त्यांनी ठोकून दिलं.

शेजारच्या पुतळ्याला सोनेरी रंग देणारा माणूस शिडीवरून उतरला. "काका, रथ नाय तो. आमची कुडाळची यष्टी."

मामांचा चेहरा पार उतरला. तो रंगारी म्हणजे दिलीप. पुतळे त्यानेच घडवलेले. नमुन्याच्या कागदावर दोनच ओळी होत्या, उरलेल्या जागेत त्याने गाव कोरलं. लांबट कड्यात राजाचं नाव असतं, हे अर्बाबने, म्हणजे फार्मच्या मालकाने, त्याला सांगितलं होतं. राजाचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून तिसऱ्या ओळीतल्या कड्यात त्याने एक पक्षी काढला.

"हा कोण?" मामांनी विचारलं.

"मैना. माझां चेडू. दोन वर्सां झाली बघूक नाय."

चेडू म्हणजे मुलगी, गावाला राहिलेली. मामा जमलेल्यांना म्हणाले की आधीचा अर्थ चुकला, माफ करा. पण इजिप्तच्या देवळातल्या पुतळ्यांवर लिहिलेलं असायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याने हे नाव उच्चारावं, म्हणजे ते जिवंत राहतं. आणि सगळ्यांकडून त्यांनी 'मैना' म्हणवून घेतलं. दोन ओमानी आजोबाही म्हणाले. दिलीप पुन्हा शिडीवर चढला आणि बराच वेळ एकच जागा रंगवत राहिला.

घरी माझ्या नवऱ्याने विचारलं, काय वाचलंत? "एसटी," मामा म्हणाले आणि झोपायला गेले.

मुद्दाम जाण्यासारखं ठिकाण नाही. पण गेलात, तर उजवीकडून दुसरा पुतळा, तिसरी ओळ. नाव मोठ्याने घ्या.