एक मीटर लांबीची राखी

विणकामाच्या मशीनची एक मीटर लांब लोखंडी पट्टी मी परदेशातून ‘राखी’ म्हणून मागवली. महिना डिसेंबर होता. पार्सल बहिणीच्या नावावर होतं.

ज्यांना एवढ्यावरच हसू आलं असेल त्यांनी हसून घ्यावं. मला सवय आहे.

पट्टी ताईच्या मशीनची. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि हे मशीन तिच्याकडे आलं तेव्हा मी अकरावीत होतो. देवळाली कॅम्पातल्या एका बाईंच्या यजमानांची बदली झाली आणि त्या सामान विकून निघाल्या. त्यांचं जपानी बनावटीचं हे मशीन ताईनं टांग्यात मांडीवर घेऊन घरी आणलं. हार्मोनियम आणि इस्त्रीचं टेबल यांचं लग्न लावल्यावर जे होईल तसं ते दिसायचं. एका ओळीत दोनशे सुया, आणि त्यांच्यावरून इकडून तिकडे फिरवायचा एक दट्ट्या. खर्रर्र, खट. खर्रर्र, खट. सकाळचा चहा, रेडिओवरच्या बातम्या आणि हा आवाज, असा आमच्या घराचा दिवस सुरू व्हायचा. नाशिकची थंडी तेव्हा खरी थंडी होती. निफाडकडून येणारी दूधवाली मंडळी कानाला फडकं गुंडाळून सायकलवरून उतरायची तेव्हा त्यांची बोटं हँडललाच चिकटलेली वाटायची. दिवाळी संपली की गल्लीतल्या बायका मापं घेऊन यायच्या. चार शाळांचे स्वेटर ताईच्या हातचे होते. माझ्याकडे काम एकच, लोकर धरून बसायचं. त्यातही मी गुंता करायचो.

लग्न होऊन ताई नाशकातल्याच इंदिरानगरला गेली तेव्हा मशीन तिच्याबरोबर गेलं. मुलगा झाला, मोठा झाला, पुण्याला नोकरीला लागला. भाऊजी गेले. रेडिमेडचा जमाना आला तरी ती नात्यातल्या प्रत्येक बाळंतपणाला एक झबलं आणि टोपी मशीनवर विणायचीच. मग मागच्या वर्षी सुया आपोआप वर उडायला लागल्या आणि टाके गळायला लागले. मशीन बंद पडलं. त्याच सुमारास भाच्यानं ठरवलं की आईला आता एकटं ठेवायचं नाही, पुण्याला न्यायचं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी टेम्पो सांगितला.

फ्लॅट लहान, सामान फार. भाचा सरळ माणूस आहे, तो सरळ बोलला. मशीन चालू झालं तर खिडकीखाली बसवू, बंद मशीन मात्र नेणार नाही, भंगारवाल्याला देऊन टाकू. ताईनं मशीनवर जुनी चादर टाकली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो तर ती मेथी निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, “पुण्यात माझ्या ओळखीचं कोण आहे? ते तरी असतं.”

त्या मेथीसमोर मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, ताई, मशीन मी चालू करून देतो.

पहिल्यांदा ते घेऊन द्वारका चौकाजवळच्या एका शिलाई मशीनवाल्याकडे गेलो. त्यानं खालून एक लांब पट्टी ओढून काढली. तिच्यात स्पंज बसवलेला असतो, तो सुया दाबून धरतो. चाळीस वर्षांत त्या स्पंजाचा चिकट काळा लगदा झाला होता. हा पार्ट इकडे मिळत नाही, असं सांगून त्यानं हात पुसले. मी घरी येऊन भांडी घासायच्या स्पंजाची पट्टी कापली आणि डिंकानं चिकटवली. दोनशेच्या दोनशे सुया जागच्या जागी गच्च बसल्या. त्या सोडवायला ताईला दोन दिवस लागले.

ती सुया सोडवत होती तेव्हा मी मशीनच्या हत्यारांचा पत्र्याचा डबा आवरत होतो. डब्याच्या तळाशी घडी घातलेला एक गुलाबी कागद निघाला. जकातीची पावती. चौदा कोन लोकर, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूंवर गुंडाळलेली.

ज्यांनी जकात नाका पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहराच्या हद्दीवर एक आडवा बांबू, पत्र्याची शेड, टेबलावर पावतीपुस्तक आणि कानावर पेन्सिल खोचलेले एक गृहस्थ. बाहेरून माल आणला की पालिकेची जकात भरायची आणि मगच नाशकात शिरायचं. चांदवडच्या बाजारात एक व्यापारी लोकरीचे कोन वजनावर स्वस्त द्यायचा म्हणून मी आणि ताई एसटीनं गेलो होतो. परत येताना माझ्या डोक्यात कल्पना आली. सगळे कोन मी लोकर बांधायला घरून नेलेल्या जुन्या गादीच्या खोळीत भरले, वळकटी केली आणि सुतळीनं बांधली. वापरलेल्या गादीला कोण जकात मागतो? ताईला मी योजना सांगितली. ती पेरू खात होती. ऐकलं की नाही कळलं नाही.

आग्रा रोडच्या नाक्यावर गाडी थांबली. पेन्सिलवाले वर चढले आणि माझ्यासमोर येऊन त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मीच बोललो, “आजारी माणसाची गादी आहे.”

ते अर्धं पाऊल मागे सरले. कोण आजारी, म्हणाले. मी ताईकडे बोट केलं. तिनं नुकताच पेरूचा मोठा घास घेतला होता. काय झालंय, असं विचारल्यावर माझ्या तोंडून कावीळ निघालं.

त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं घास शांतपणे चावून गिळला आणि म्हणाली, “लोकर आहे साहेब. चौदा कोन. पावती करा. आणि याच्याकडे लक्ष देऊ नका, हा आजारी नाही, असाच आहे.”

अख्खी एसटी हसली. कंडक्टरनं तर घंटीची दोरी ओढून ठेवली आणि गाडी पावतीच्या आधीच हलली; पेन्सिलवाल्यांनी ती चालत्या गाडीतच फाडली. ताईनं ती पावती इतकी वर्षं जपून ठेवली होती. का, असं विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नावानं पावती फाडली, धंदा करते म्हणून. मी मात्र आजवर समजत होतो की ती पावती माझी फजिती म्हणून ठेवली असेल.

एवढं सगळं त्याच दुपारी आठवलेलं असताना माणसानं शहाणं व्हायला हरकत नव्हती.

पट्टी मला इंटरनेटवर सापडली. सातासमुद्रापलीकडच्या एका लहानशा गावात एक म्हातारी बाई जुन्या विणकाम मशीनचे पार्ट विकते. किंमत इतकी कमी की मला आधी संशय आला. तिनं लिहिलं की माल देशाबाहेर जातोय म्हणून तिकडचा व्हॅट लावलेला नाही. मला वाटलं, करमुक्त! भाच्यानं फोनवर सावध केलं, “मामा, इकडे कस्टम ड्यूटी लागेल हां. वस्तू स्वस्त असली तरी लागते. त्याच्या वर पोस्टाची फी वेगळी. भरून टाका, कटकट नको.”

मी म्हणालो, ते माझ्यावर सोड.

भरायला पैसे नव्हते असं नाही. प्रश्न अकलेचा होता, म्हणजे ती माझ्याकडे आहे या समजुतीचा. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत एकानं मोबाईलचं कव्हर परदेशातून मागवलं आणि कव्हरापेक्षा ड्यूटीचीच गोष्ट महिनाभर सांगितली, त्याला मी तेव्हा फार हसलो होतो. शिवाय मी कुठंतरी वाचलं होतं की पूर्वी भेट म्हणून आलेल्या वस्तूंना सूट असायची, ती आता काढली, पण राखीची सूट ठेवली आहे. बातमी पुढेही होती. मी राखीपाशीच वाचायचा थांबलो.

त्या बाईला मी ईमेलनं लिहिलं की पाकिटावर कृपया ‘राखी’ असं लिहा. तिनं विचारलं, राखी म्हणजे काय? आता आली का पंचाईत. मी तिला दोन पानं लिहिली. भाऊ, बहीण, मनगट, धागा, श्रावणातली पौर्णिमा, माया. आमची आई राखीच्या दिवशी नारळीभात करायची आणि त्यातली लवंग नेमकी माझ्याच दाताखाली यायची, हेसुद्धा लिहिलं. बाईंचं उत्तर आलं की वाचून डोळ्यांत पाणी आलं, अगदी तुम्ही म्हणता तसंच लिहीन. पत्ता मी ताईचा दिला, कारण दिवसा माझ्या घराला कुलूप असतं.

बाईंनी खरोखरच सगळं मनापासून लिहिलं. कस्टमच्या फॉर्मवर मजकूर असा होता: राखी, एक नग, लाडक्या बहिणीसाठी.

डिसेंबर गेला. संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाले. ताईनं भांडी खोक्यांत भरायला घेतली. चादरीखालचं मशीन तेवढं जागेवर होतं. मी रोज मोबाईलवर पार्सल पाहायचो, ते मुंबईत येऊन बसलं होतं. भाचा रोज विचारायचा, मी रोज ‘निघालंच’ म्हणायचो. त्यानं भंगारवाल्याला शनिवारची वेळ देऊन टाकली.

मग एके दिवशी ताईचा फोन आला. घरी ये, एवढंच बोलली.

टेबलावर कस्टमचं पत्र होतं. पार्सलवरचं वर्णन आणि आतली वस्तू जुळत नाही, खुलासा करावा आणि खरेदीचं बिल सोबत जोडावं. भाषा सभ्य होती, पण त्या साहेबासमोर काय चित्र उभं राहिलं असेल ते मला दिसत होतं. भर थंडीत आलेली राखी. बहिणीनं भावाला पाठवायची ती बहिणीलाच आलेली. आणि लांबी एक मीटर, लोखंडाची.

ताईनं चष्मा पुसला. म्हणाली, ही राखी बांधून घ्यायला हत्ती लागेल.

मी समजावायला सुरुवात केली. आपण लिहू की ही देवापुढे लावायची मोठी राखी आहे, मंडळाची असते तशी. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मला पुन्हा पेरूचा वास आला.

तिनं कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं खुलासा लिहिला. तो मला तोंडपाठ आहे, कारण बिलाबरोबर स्कॅन करून मुंबईला पाठवायचं काम माझ्याकडेच आलं.

“महोदय, ही राखी नाही. विणकामाच्या मशीनची सुया दाबणारी पट्टी आहे. राखी असं लिहायला माझ्या धाकट्या भावानं सांगितलं. विकणाऱ्या बाईंचा दोष नाही. माझं मशीन बंद आहे आणि शनिवारी ते भंगारात जाणार आहे. जी ड्यूटी आणि जो दंड होईल तो भरते. पावती माझ्या नावानं द्यावी.”

शेवटच्या ओळीखाली तिनं रेघ मारली होती.

शुक्रवारी दुपारी पोस्टमन आला. त्याच्या सायकलच्या दांडीला लांबलचक पुडकं बांधलेलं होतं आणि पत्ता विचारत येईपर्यंत अर्ध्या गल्लीला कळलं होतं की ताईंकडे बंदूक आली. ताईनं ड्यूटी, दंड आणि फी मोजून दिली, मला खिशातल्या पाकिटाला हातसुद्धा लावू दिला नाही. पावती तिनं पत्र्याच्या डब्यात ठेवली, गुलाबी कागदावर.

पुडक्यात पट्टी होती, आणि पट्टीभोवती गुंडाळलेली लाल लोकरीची छोटी लडी. सोबत चिठ्ठी. बाईंनी लिहिलं होतं की तुम्ही धागा म्हणालात, पट्टीत धागा नाही, म्हणून हा माझ्याकडून.

ताईनं पट्टी आत सरकवली. मी बाजूला उभा होतो, हात मागे बांधून, कारण तसा हुकूम होता. तिनं राखाडी लोकर लावली, दट्ट्या धरला आणि ओढला. खर्रर्र, खट. एकही सुई उडाली नाही. दुसऱ्या ओळीलाही नाही. दहाव्या ओळीला तिनं मान वर केली आणि भाच्याला फोन लावून दिला माझ्या हातात. काही बोलू नको, म्हणाली, नुसता धर. मी फोन मशीनजवळ धरला. लहानपणी भाचा याच आवाजाशेजारी पाटी घेऊन बसायचा. ऐकून म्हणाला, आईला सांगा, खिडकीखालचं कपाट हलवतो.

रविवारी टेम्पो भरला. मशीन सगळ्यात शेवटी चढलं, तेही दोन गाद्यांच्या मध्ये. खऱ्या गाद्या होत्या त्या. घर रिकामं झाल्यावर त्यातला आवाज वेगळाच येत होता, माझ्या खोकल्याचासुद्धा. निघताना मी म्हणालो, राखीला पुण्याला येईन.

ताईनं पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली. राखाडी माकडटोपी, शुक्रवारपासून बसून विणलेली, शेंड्याला त्या लाल लोकरीचा गोंडा.

“घाल,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी पकडला गेलास की तोंड लपवायला होईल.”