कंदय्या आणि नवे राष्ट्राध्यक्ष

कोणी काहीही 'होणार' म्हटलं की कंदय्या चष्मा काढायचे, दोन बोटांनी डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "पार्पोम." तमिळमध्ये याचा अर्थ 'बघू'. आपल्या 'बघू'त थोडा तरी होकार लपलेला असतो. कंदय्यांच्या 'पार्पोम'मध्ये होकार नव्हता आणि नकारही नव्हता. होता तो नुसता थकवा.

मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा माझं टेबल त्यांच्या शेजारी लागलं. मी देवरुखचा, पहिल्यांदाच देशाबाहेर आलेला. ते जाफन्याचे, म्हणजे श्रीलंकेच्या अगदी उत्तरेच्या टोकाचे तमिळ, आणि ओमानात वीस-बावीस वर्षं जमिनीची मोजणी करत असलेले. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने त्यांना सांगितलं, की मॅनेजर म्हणालेत, तीन महिन्यांत बायकोचा व्हिसा करून देतो. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पार्पोम म्हणाले आणि वर त्यांच्या गल्फमधल्या हिंदीत एक वाक्य जोडलं, "वादा करने में पेट्रोल नहीं लगता, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मला राग आला. या म्हाताऱ्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही असंच वाटलं. माझी बायको सीमा मस्कतला आली ती दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस.

आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत चालायचं. इथे मी ते मराठीत लिहितो आहे, पण त्यांची काही वाक्यं जशीच्या तशी कानात राहिली आहेत. अंगाने बारीक, काळेसावळे, पन्नाशी ओलांडलेले. वाळवंटात मोजणीला जातानाही शर्टाला कडक इस्त्री. कपाळावर सकाळी लावलेल्या भस्माचा पुसट माग. डब्यात रोज भात आणि खोबऱ्याची लाल तिखट चटणी. ऑफिसात बिर्याणीची पार्टी असली तरी ते आपला डबाच उघडायचे.

मोजणीच्या कामाला आम्ही इब्रीकडे जायचो. गाडी चालवायला इक्बालभाई. ते रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. एकदा एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, प्लॉटची मोजणी चालली होती. हद्दीचे खांब सापडत नव्हते आणि ऊन डोक्यावर आलं होतं. इक्बालभाई पाण्याची बाटली देत म्हणाले, "काय वो साहेब, उभ्या ओमानच्या जमिनी मोजल्यात तुम्ही. तुमची सोताची कुठाय ती तरी म्हाइत हाय का?"

इक्बालभाईंनी गंमत केली होती. कंदय्या यंत्रातून डोळा न काढता म्हणाले, "माहीत आहे. पण मला आत जाऊ देत नाहीत."

परतीच्या वाटेवर एका टपरीवर दाट, कडक करक चाय घेताना त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. त्यांचं गाव जाफन्याच्या उत्तरेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लाल माती, ताडाची झाडं, प्रत्येक घराला विहीर. लष्कर आणि तमिळ बंडखोरांच्या लढाईच्या काळात एका सकाळी अख्ख्या गावाला निघायला सांगितलं गेलं. "आईने डोशासाठी उडीद भिजत घातले होते. ती म्हणाली, परवा येऊन वाटते. लोक म्हणत होते, दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे." मग गावाभोवती लष्कराची काटेरी तार आली. लढाई संपली, संपूनही पाच-सहा वर्षं झाली, पण तार तिथेच राहिली. आई आणि बायको जाफना शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत. मधल्या काळात कितीतरी मंत्री आले. प्रत्येकाने गाव परत देऊ म्हणून सांगितलं. एकाने तर स्टेजवर आईचा हात हातात घेऊन फोटोही काढला होता.

इक्बालभाईंनी रिकामा पेला टपरीच्या फळीवर ठेवला. मग म्हणाले, "तरीच तुमी कुणावर इस्वास ठेवत नाय."

"ठेवतो की," कंदय्या म्हणाले. "तुझ्या ब्रेकवर ठेवतो."

त्या जानेवारीत श्रीलंकेत निवडणूक झाली आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले. इक्बालभाई सकाळीच ओमानी हलव्याचा डबा घेऊन ऑफिसात हजर. "झाला ना बदल? आता तरी तोंड गोड करा."

कंदय्यांनी हलवा घेतला, पण नखाएवढा. "आईने मत दिलं," ते म्हणाले. "रिक्षातून नेलं तिला, दोघांनी धरून. मी विचारलं, याला का दिलंस? तर म्हणाली, याला नाही दिलं. आधीचा नको म्हणून दिलं."

दुपारी त्यांनी कॉम्प्युटरवर कोलंबोचा पेपर उघडला. नव्या राष्ट्राध्यक्षांचा कार्यक्रम छापून आला होता: पहिल्या शंभर दिवसांत काय काय करणार, घटना कशी बदलणार, भ्रष्टाचार कसा संपवणार. कंदय्यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. मी विचारलं, "तुमच्या जमिनीचं काही आहे का?"

"इकडेतिकडे एखादं वाक्य आहे. भाषणातही एक होतं म्हणतात." चष्मा पुसत ते म्हणाले, "वाक्य बरं आहे. पण क्रियापद भविष्यकाळी आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "हा शेतकऱ्याच्या घरातला आहे म्हणे. शेतकऱ्याला निदान जमीन म्हणजे काय ते माहीत असतं." आणि लगेच, जणू फार बोलून गेलो असं वाटून, "अर्थात खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत. पार्पोम."

त्यानंतरच्या आठवड्यांत त्यांच्यात काहीतरी हललं होतं. ते मान्य करायला मात्र तयार नव्हते. रोज सकाळी आल्या आल्या पेपर उघडायचे, कोणी मागे येऊन उभं राहिलं की पान बदलायचे. बायकोला फोन केला की आधी आईची तब्येत विचारायचे, मग हळू आवाजात काहीतरी, आणि शेवटी जोरात, "सुम्मा, सुम्मा," म्हणजे सहज, असंच.

एका गुरुवारी काम कमी होतं. खुर्ची माझ्याजवळ सरकवत ते म्हणाले, "तंबी, एक घर काढून देशील? छोटं. टाईमपास."

मी स्क्रीनवर काढायला घेतलं. टाईमपास म्हणणारा माणूस स्वयंपाकघराचं दार कुठल्या दिशेला हवं यावर अर्धा तास वाद घालत नाही. आईची खोली पूर्वेला. तिला रात्री उठावं लागतं, म्हणून संडास आतून. पुढे ओटा, पण पायऱ्या नकोत, उतार कर. मी विचारलं, "अक्काला दाखवलं का?" त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायचो. ते दचकले. "नाही, नाही! तिला नको सांगू. ती आईला सांगेल, आणि आई सामान बांधायला घेईल." मी प्रिंट काढून दिली. ती त्यांनी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली, इस्त्री मोडेल याची पर्वा न करता.

उन्हाळा लागायच्या सुमारास बातमी आली. काही गावांची जमीन लोकांना परत मिळणार, तार मागे हटणार. त्यांच्या गावाचंही नाव होतं. कंदय्यांनी रजा टाकली. विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा इक्बालभाई म्हणाले, "साहेब, इन्शाल्ला मिळल. ह्या येळेला मिळल." कंदय्या नेहमीचं काही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त इक्बालभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी कोणाला असा हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तीन आठवड्यांनी ते परत आले. दाढी वाढलेली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, डबा न उघडता.

बसने सगळे गावकरी गेले होते. आई खिडकीपाशी. गाव म्हणजे रान झालं होतं; घरांच्या जागी झुडपं आणि दगड. लोक विहिरींवरून आपापली घरं ओळखत होते. कोणी रडत होतं, कोणी नारळ फोडत होतं. कंदय्या आईला धरून त्यांच्या गल्लीपर्यंत गेले. पहिलं घर चुलत्यांचं, दुसरं शाळामास्तरांचं, तिसरं त्यांचं. मास्तरांच्या कुंपणापाशी नवे खांब पुरलेले होते, आणि नवी, चकचकीत तार.

"आमच्या घराच्या आधी थांबली," ते म्हणाले. "एका घराने."

तारेच्या पलीकडे त्यांची विहीर दिसत होती. मोठ्या मिशांचा एक शिपाई पहाऱ्याला होता. त्याला तमिळ येत नव्हतं, आईला सिंहली येत नव्हतं. ती बोटाने दाखवत त्याला सांगत राहिली, ते माझं घर, तिथे माझे उडीद भिजत पडलेत. कंदय्या तिला मागे ओढत होते. शिपायाने थोडा वेळ ऐकलं. मग तो आत गेला आणि प्लास्टिकच्या बाटलीत त्या विहिरीचं पाणी भरून घेऊन आला. तारेवरून हात लांब करून त्याने ती आईला दिली. "तोही शेतकऱ्याघरचाच असणार. बाटली दोन्ही हातांनी धरून दिली त्याने."

"आई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"प्यायली. म्हणाली, अजून गोड आहे." कंदय्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. या वेळी ते बराच वेळ चोळत राहिले. "मला त्या राष्ट्राध्यक्षाला शिव्या द्यायच्या आहेत, तंबी, पण धड देताही येत नाहीत. आधीच्यांनी तार हलवलीच नव्हती. याने हलवली. तो खोटं बोलला म्हणता येत नाही आणि खरं बोलला असंही म्हणता येत नाही. अशा माणसाचं काय करायचं?"

नंतरची वर्षं हळूहळू विझत गेली. तिकडे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्याच सरकारातले लोक एकमेकांशी भांडू लागले. कार्यक्रमाचं नावही कोणी घेईना. इकडे तेलाचे भाव पडले, कामं आटली, ऑफिसातली टेबलं रिकामी होऊ लागली. इक्बालभाईंचा व्हिसा पुढे वाढला नाही. ते गावी गेले आणि त्यांनी मुलाबरोबर होडी घेतली. कंदय्या पेपर अजूनही उघडायचे, पण आता शेवटच्या पानावरचं क्रिकेट आधी वाचायचे.

आई गेली ती भाड्याच्या खोलीतच. कंदय्या पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "शेवटी शेवटी ती मला विचारायची, नवा राष्ट्राध्यक्ष कसा आहे रे? मी सांगायचो, बरा आहे, वेळ लागेल. तिच्याशी मी मंत्र्यांसारखं बोलत होतो."

त्यानंतर वर्षभराने तार आणखी मागे सरकली आणि त्यांची जागा मोकळी झाली. अक्काचा फोन आला तेव्हा आम्ही कुरुमला एका साईटवर होतो. कंदय्यांनी ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि राहिलेली मोजणी पूर्ण केली. गाडीत बसल्यावर मी अभिनंदन म्हणालो. ते काचेतून बाहेर बघत राहिले. "जिला द्यायचं होतं तिला नाही दिलं," ते म्हणाले. "पण दिलं. दिलं असं म्हणायला हवं. न्याय तोंड बघून नाही करायचा." आणि लगेच माझ्याकडे वळून, "मी खूश आहे. तसा दिसत नाही, पण आहे."

त्याच वर्षी कंपनीने त्यांनाही निरोप दिला. त्यांनी तक्रार केली नाही. सीमाने त्यांना शेवटचं जेवायला बोलावलं, त्यांच्यासाठी मुद्दाम खोबऱ्याची चटणी केली. आमची शाळकरी मुलगी अडखळत हिंदीत म्हणाली, "काका, तुम्ही... परत येणार?" तिला सोपं जावं म्हणून त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं, तमिळमधलं 'बाळा' तेवढं तसंच ठेवून, "नो, कन्ना. आता मी कुठे येणार-जाणार नाही. आता मी तिथे राहणार."

पुढच्या राष्ट्राध्यक्षांची निवडणूक झाली त्या नोव्हेंबरात मी त्यांना फोन केला. आधी लढाई आणि मग परदेश, यात त्यांनी स्वतः मत असं कधी दिलंच नव्हतं. या वेळी गावातल्या शाळेत रांगेत उभं राहून दिलं, बोटावरची शाई सुकेपर्यंत हात वर धरून घरी आले. त्यांनी मत दिलेला उमेदवार पडला होता.

"मग? नवीन माणसाचा अजेंडा वाचलात का?" मी विचारलं.

"वाचला. लांब आहे." मागे कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. "सकाळपासून कांदा लावतोय, तंबी. आमच्या लाल मातीत तो दोन-अडीच महिन्यांत येतो. त्याच्या पलीकडचं मी आता कोणाकडे काही मागत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तुला म्हणून सांगतो, एक वाफा जास्त लावलाय. पाहुणे आले तर असू द्यावा."

ऊन चढायच्या आत उरलेली ओळ लावायची होती, म्हणून त्यांनी फोन ठेवला.