न घासलेला सांधा

आमच्या ताई गेल्या तेव्हा मी अभनपूरला एका साखरपुड्यात होते. मुलाचा फोन आला. इकडच्या हिंदी मुलखातच वाढलेला, त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र हिंदीतच. "मम्मी, आत्या नहीं रहीं," एवढंच म्हणाला. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही... तेही त्यांच्या स्वभावाला धरूनच म्हणा.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही. जन्मभर रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसल्या आणि रिटायर झाल्यावर आम्हा सगळ्यांना घरातच रांगेत उभं केलं. तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकत्र राहिलो, भांडलोही भरपूर. मी घरात चप्पल घातलेली त्यांना खपायची नाही. "काहून गं, पाय झिजते का तुहे?" काचबिंदूनं नजर गेली, तरी सकाळचा पहिला चहा त्याच करायच्या. काठी नाही, कुणाचा हात नाही. अनवाणी पायांनी टाइल्सचे सांधे चाचपत खोलीतून निघायच्या आणि बरोबर ओट्याशी पोचायच्या. चहात आलं इतकं की घसा जळायचा, पण कमी घाला म्हणायची कुणाची टाप नव्हती.

फरशी मात्र जुनी. टाइल्स हलू लागल्या, एकीला अडखळून ताई पडता पडता वाचल्या, तेव्हा वरून विनायलची पातळ चादर चिकटवायचं ठरलं. मिस्त्रीनं आधी एकेक टाइल ठोकून पाहिली, पोकळ वाजल्या त्या उखडून पुन्हा बसवल्या, सोड्यानं सगळं तेलकट धुऊन काढलं, आणि मग सांध्यांत सिमेंटचा मसाला भरून घासायला बसला. हे काय करून राहिला, ताईंनी विचारलं. तो म्हणाला, एक जरी सांधा वर-खाली राहिला तर विनायलवर उमटतो, म्हणून सगळं सपाट करावं लागतं. ताई खाली बसल्या. घासलेल्या भागावरून तळहात फिरवत राहिल्या... त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"सारं एकसारखं केलं तं मी वळू कुठं?"

मी म्हटलं, मी हात धरून नेत जाईन की. तर म्हणाल्या, "मले माह्याच घरात पाहुणी करून राहिली का तू?"

मग तोडही त्यांनीच काढली. स्वयंपाकघराकडे वळायच्या जागेचा एक सांधा त्यांनी मिस्त्रीला पायानंच दाखवला आणि तेवढा घासू नको म्हणाल्या. मिस्त्री कळवळला. "दीदी, ऊपर दिखेगा."

"दिखने दो. मेरे को कौन सा दिखने वाला है?"

तो बिचारा हसावं की नाही या पेचात. मी मात्र पदरात तोंड लपवून हसले. सुतळीएवढी रेघ राहिली ती राहिलीच, आणि विनायल बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर आल्याचा वास सुटला.

त्यांना जाऊन महिना होत आला. भेटायला येणारे खाली पाहून म्हणतात, इथं काम कच्चं राहिलं वाटतं. मी "हव" म्हणते आणि विषय सोडून देते. फार आठवण येते हो त्यांची. पहिला चहा आता मी करते, आलं त्यांच्याइतकंच घालते. चप्पल खोलीतच काढून निघते, डोळे मिटते. पायाखाली रेघ आली की वळते, हात पुढे करते... ओटा तिथंच असतो.