विहिरीच्या काठावर आलेलं गाणं

कृपा हा शब्द वापरताना माझी जीभ अजूनही अडखळते. आम्ही बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. घरातले देव सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी वैनगंगेत सोडले, तेव्हा मी काठावर उभी होते. मला जराही वाईट वाटलं नाही. ज्यांच्या देवळाची पायरी आम्हाला कधी चढू दिली नाही, त्यांना निरोप देताना कसलं दुःख? पण त्यांच्याबरोबर माझी गाणीही वाहून गेली, हे मला घरी आल्यावर कळलं. माझे वडील खंजेरीवर भजनं म्हणायचे आणि त्यांच्या मागे झील धरतच मी मोठी झाले होते. मला येत होतं ते सगळं त्या देवांचंच होतं. ते आता गायचं नाही हे मनाशी पक्कं होतं, आणि दुसरं काही येत नव्हतं.

त्याच सुमारास भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा राहू लागला आणि आमच्या भंडाऱ्याकडची कितीतरी माणसं तिकडे निघाली. आम्हीही तिथल्या कोहका गावाच्या कडेला झोपडी टाकली. हे बांधकामावर हेल्पर, मी घमेलं उचलायला. जिकडे पाहावं तिकडे खोदकाम, क्रेनच्या उंच माना आणि लाल मुरमाची धूळ. संध्याकाळी बाया आपापल्या मुलखातली गाणी म्हणायच्या. कोणी तेलुगू, कोणी छत्तीसगढी. मी चूल फुंकत ऐकत बसायची.

"तू कावून गात नाही वं आता?" हे विचारायचे.

"काय गाऊ? माह्याजवळ काहीच नाही राहिलं."

"मंग नवं कर."

"गाणं का भाकर हाय, थापली का झाली?"

ते हसायचे, पण मला आतून रडू यायचं. वस्तीत बुद्धवंदना व्हायची, त्यात मीही हात जोडून बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जाते म्हणायची. म्हणताना मनात शंका असायची. पूर्वी देवासमोर वाकत होते, ते कळत होतं. आता शरण जायचं म्हणजे नेमकं कुठं जायचं? कोणाला विचारायची हिंमत होत नव्हती.

उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली. सुट्टीच्या दिवशी पुरुषांनी मिळून ती खोल करायला घेतली. हे आणि आणखी दोघं खाली उतरले होते, आम्ही बाया वर माती ओढत होतो. दुपार टळत असताना आतून धप्पकन आवाज आला. एका बाजूची माती सुटली होती. ते दोघं दोराला धरून कसेबसे वर आले. हे आले नाहीत. वाकून पाहिलं तर छातीपर्यंत मातीत गाडलेले, मान एका बाजूला कललेली.

वस्ती धावली, कोहक्यातले लोक धावले. जो तो आत उडी घ्यायला निघाला, तेव्हा चरोद्याहून आलेल्या एका रेल्वेतल्या वयस्क दादांनी सगळ्यांना मागे रेटलं. "गर्दी कराल तं वरची माती बी येईन. दोघंच उतरा. हळू काढा, एका चालीनं. अन् बाई, तू याच्याशी बोलत राय. डोये मिटू देऊ नोको."

मी काठावर पालथी पडले आणि हाका मारू लागले. "आयकता का हो? माह्याकडे पाहा!" त्यांनी एकदा पाहिलं, मग पापण्या खाली आल्या. मला शब्द सुचेनात. ज्याला विनवावं असा कोणी माझ्यापाशी नव्हता. मी जमिनीला गाल टेकला. माती गरम होती. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून आवाज फुटला, तो हाकेचा नव्हता.

"माय माती, हात काढ वं,
माह्या धन्याले वाट दे वं."

हे मी जुळवलं नव्हतं. मी आजवर पुष्कळ गाणी केली आहेत, शब्द कसा शोधावा लागतो, चाल कशी हट्ट करते, हे मला ठाऊक आहे. हे तसं आलं नाही. मी नुसती तोंड उघडून होते. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज फाटला आणि मी थांबले.

"झन रुक बहिनी, गा," मागून कोणीतरी म्हणालं. थांबू नकोस, गा. हिरव्या लुगड्यातली, पायात चांदीचे जाड तोडे घातलेली एक छत्तीसगढी बाई मातीची घमेली पुढे देणाऱ्यांच्या रांगेत उभी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने माझी ओळ उचलली आणि झील धरली. मग तिच्या शेजारची म्हणू लागली, मग पूर्ण रांग. घमेली त्याच चालीवर हातोहात सरकू लागली, ना घाई ना खोळंबा. खाली दोघांची फावडीही त्याच ठेक्यावर पडू लागली. तेलुगू बाया होत्या, पंजाबी ड्रायव्हर होता, त्यांना शब्दांचा अर्थ काय कळणार? पण सगळे गात होते. आणि विहिरीच्या तळाशी ह्यांचे ओठ हलताना मी पाहिले. तेही म्हणत होते.

ऊन उतरण्याआधी ह्यांना दोराने वर काढलं. एक पाय मोडला होता, पुढे ते जन्मभर लंगडत राहिले. पण जीव होता. ती बाई मात्र दिसली नाही. मी कोहक्यात विचारलं, बाजारात विचारलं, पण कोणाला ती माहीत नव्हती. असेल कुठल्या गावची, कामाच्या शोधात आलेली. याहून जास्त मी काही म्हणत नाही. एवढंच सांगते, की शरण कुठं जायचं हे मला पुन्हा कोणाला विचारावं लागलं नाही. वंदनेत संघाचं नाव आलं की माझ्या डोळ्यांसमोर ती रांग उभी राहते.

त्यानंतर गाणी थांबलीच नाहीत. पहिलं लोखंड भट्टीतून वाहिलं आणि आभाळ लाल झालं, त्यावर केलं. चिमण्यांच्या धुरावर, माहेर तुटलेल्या बायांवर, बुद्धाच्या करुणेवर केलं. हे खंजेरी वाजवायचे, मी गायची. चरोद्याच्या रेल्वे वस्तीत, दुर्गला, रायपूरला, पुढे नागपूरपर्यंत. लोकांनी शाली घातल्या, रेडिओवर बोलावलं. इतकी वर्षं लोटली, हेही आता राहिले नाहीत, तरी कोणी बोलावलं तर थरथरत्या आवाजात अजून जाते.

त्या सगळ्यात मला सर्वांत मोठा मान मिळाला तो जुनवानी गावाकडे. तेव्हा तिथं धानाची शेतं होती. धानाची रोपं लावायची रोवणी चालली होती आणि बांधावरून जाताना माझ्या कानांवर माझीच चाल आली. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया गात होत्या:

"माटी दाई, हाथ हटा ले ओ,
मोर धान ला रद्दा दे दे ओ."

बोली त्यांची, पण मातीकडे वाट मागणं तेच. मी विचारलं, हे गाणं कोणाचं? एक तरुण पोरगी कंबर सरळ करत म्हणाली, "हमर गांव के आय दाई, अब्बड़ जुन्ना गीत." फार जुनं, त्यांच्या गावचं. माझ्या ओठांवर आलं होतं की बाई, हे माझं. पण ते खरं कुठं होतं? ते माझ्याकडे जिथून आलं, तिथूनच यांच्याकडेही आलं असेल. मी लुगडं खोचलं, चपला बांधावर काढल्या आणि चिखलात उतरून त्यांच्यासोबत म्हणू लागले. जुन्या सवयीने तोंडून 'धन्याले' निघालं.

पोरी खळखळून हसल्या. "धनी नइ, दाई, धान! धान ला!"

"बरं, धान ला," मी म्हटलं, आणि त्यांनी शिकवलं तसं गायले.