ऐकू येणारं स्वप्न

दुपारी कॉलेजातून आलो की माझं पहिलं काम काकाला उठवायचं. हाक मारून उपयोग नव्हता. काका गिरणीत विणकर होता आणि वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले होते. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत असे बरेच होते. भोंगा झाला की खिडक्यांची तावदानं थरथरायची, पण हे लोक आपले गाढ झोपलेले. त्यांना हलवूनच उठवावं लागे.

आणि उठवणं भाग होतं, कारण आमच्या खोलीत झोपायची जागासुद्धा पाळीवर होती. आम्ही सगळे एकाच गावचे, खोली एक. खिडकीखालची भिंतीलगतची जागा सकाळपासून दुपारपर्यंत रातपाळीच्या काकाची. त्यानंतर पहिल्या पाळीहून सुटून येणाऱ्या साचेवाल्याची. साचेवाला म्हणजे सूत काढायच्या खात्यात काम करणारा आमचाच एक गाववाला, तोंडाने फटकळ. तो वळकटी काखेत मारून दारात उभा राहिला की काकाचं अंथरूण गुंडाळलं गेलंच पाहिजे. मी विद्यार्थी, त्यामुळे माझी जागा गॅलरीत, ट्रंकेला टेकून. तिथे बसूनच मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. हे सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे.

एका दुपारी मी खांदा हलवला तर काकाने डोळे उघडलेच नाहीत. नुसता तळहात वर केला, थांब म्हणून. पण तोवर त्याची झोप पार उडाली होती. तो उठून बसला आणि म्हणाला, "फुकट गेला रे!"

काका कुजबुजला तरी ते सगळ्या मजल्याला ऐकू जाई. आपला आवाज केवढा आहे हे त्याला कळणार कसं? शेजारच्या मावशींनी तिकडून विचारलंसुद्धा, "काय हो फुकट गेलं?"

"सपनात होतंय," काका मला म्हणाला. "माका आयकाक येत होता."

ऐकू येत होतं, म्हणूनच त्याला तिथल्या तिथे कळलं होतं की हे स्वप्न आहे. जागेपणी कुठलं ऐकू येणार? आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच उमगणं तुमच्या-माझ्या वाट्याला क्वचित येतं. काकाला त्याची खूण आयती मिळाली होती. गावचं घर होतं. विहिरीचा रहाट कुरकुरत होता, गोठ्यात गाय हंबरत होती. मागीलदारी केळीपाशी त्याची मुलगी उभी होती आणि ती काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. तेवढ्यात मी खांदा हलवला.

ही मुलगी गावी जन्मली, गावीच वाढली. ती बोलायला लागली तोवर काकाचे कान गेलेच होते. वर्षातून एकदा तो बोटीने गावी जाई, ती त्याच्याशी बोले आणि तो तिच्या ओठांकडे बघत बसे. मागावरची माणसं ओठ वाचायला शिकतात. तिचे शब्द त्याला कळत, आवाज मात्र कधी आला नाही. आता तिच्या लग्नाचं बोलणं चालू होतं.

"ती नवऱ्याच्या घराक जातली," काका म्हणाला. "त्याच्या आधी एकदा आयकाक व्हया. एकदाच."

"मगे परत जा," मी ओठ नीट उघडून म्हणालो.

"खंय?"

"थंयच. त्याच सपनात."

दारात वळकटी घेऊन साचेवाला उभा होताच. "ऱ्हवलेला सपान दुसऱ्या पाळीत बघ म्हणान सांग त्याका," तो म्हणाला. "जागा आता माझी."

असल्या गोष्टी कुठल्या पुस्तकात असतात की नाही, मला माहीत नव्हतं. पण माझं डोकं चालत होतं, आणि ते मी या कामाला लावलं. सगळ्यात आधी मी खांदा हलवणं सोडलं. काकाच्या पायाच्या अंगठ्यावर नुसती बोटं ठेवायची आणि तशीच ठेवायची. त्याने माणूस गचकन जागा होत नाही, हळूहळू वर येतो, विहिरीतून कळशी वर यावी तसा. आणि उठवायचं ते साचेवाला यायच्या बरंच आधी. म्हणजे जाग आल्यावर परत आत जायला काकाकडे वेळ उरे.

पुढचं काकाने स्वतः शोधलं. जाग आली तरी डोळे उघडायचे नाहीत. कूस बदलायची नाही, बोटसुद्धा हलवायचं नाही. अंग हललं की अंगाला खोली आठवते, खोली आठवली की गिरणी, आणि मग संपलंच. मुलीच्या तोंडाच्या मागे लागायचं नाही, ते निसटतं. सगळ्यात शेवटी जे ऐकलं होतं तेच धरून ठेवायचं. त्याच्या बाबतीत ते म्हणजे रहाटाची कुरकुर. ती मनात पुन्हा पुन्हा वाजवत पडून राहायचं. मग रहाटामागे विहीर येते, विहिरीमागे केळी. आणि ऐकू यायला लागलं की खूश व्हायचं नाही. हे त्याला सगळ्यात जड गेलं. सुरुवातीला तो आत पोचे आणि आनंदानेच जागा होई.

"खूश झालंय रे परत!" तो ओरडे, आणि मावशी पलीकडून म्हणत, "या माणसाला खूश व्हायची चोरी झाली की काय?"

साचेवाल्याला हा सगळा थिल्लरपणा वाटे. "शिकलेलो पुतण्यो आणि बहिरो काको," तो म्हणे. "एक झोपता, दुसरो त्याच्या पायाकडे बसान अभ्यास करता. युनिव्हर्सिटीत ह्या शिकवतत काय रे?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणे. तेव्हा मी असंच बोलत असे.

आणि मग एका दुपारी काका खरोखरच परत गेला. मी अंगठ्यावर बोटं ठेवली, त्याचा श्वास बदलला, पापण्या घट्ट झाल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा सैल पडल्या. मी बोटं काढून घेतली. तो जागा झाला तेव्हा मला वाटलं आता ओरडणार. पण तो भिंतीकडे तोंड करून तसाच बसून राहिला.

"गेलंय," तो म्हणाला. "सगळा आयकलंय. रहाट, गाय, पाटावरचा पाणी. पण चेडू तोंड उघडता आणि काय नाय. पिच्चर मुको झालो तसा."

माझ्या लक्षात आलं ते. रहाट त्याने कान असताना ऐकलेला होता, गाय ऐकलेली होती. मुलीचा आवाज त्याच्याजवळ नव्हताच, तर स्वप्न तो आणणार कुठून? हे मी त्याला बोललो नाही. पण ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने माझा हात धरून मला समोर बसवलं.

"तू दर मे महिन्यात घराक जातस. तुका आयकाक येता. सांग माका. तिचो आवाज कसो असा?"

इतकी वर्षं शिकलो, भाषेवर निबंध लिहिले, पण आवाज कसा सांगतात? बारीक आहे? तसा बारीक नाही. जाड? पोरीचा आवाज जाड म्हणायचा? किंचित घोगरा, शेवटाला लांबवलेला. मी हातवारे केले, ओठ वाकडे केले. काका बघत होता आणि त्याला काहीच मिळत नव्हतं. मग मला गावच्या बायका तिला चिडवताना आठवल्या. कोणी न बघता ऐकलं तर म्हातारी परत आली असं वाटेल, असं त्या म्हणत.

"तुझ्या आवशीसारखो," मी म्हणालो.

काकाने माझ्या ओठांकडे टक लावून पाहिलं. "परत सांग."

"तुझ्या आवशीसारखो. तसोच."

आईचा आवाज काकाजवळ होता. ती गेली तेव्हा तो गिरणीत लागलाही नव्हता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आठवड्याला सभा, मोर्चे, प्रभातफेऱ्या. काका एकही सभा सोडत नसे. भाषण त्याला कळो न कळो, शाहिराच्या डफाजवळ जाऊन उभा राही. डफ म्हणे छातीत ऐकू येतो. घोषणेला तो लोकांची तोंडं बघून ओरडे, त्यामुळे त्याचं "झालाच पाहिजे!" सगळ्यांच्या मागून एकटं यायचं, आणि ते सगळ्यांत मोठं असायचं. पोरं त्यासाठी थांबायची.

मग एक दिवस मुंबई बंद झाली. गिरण्या बंद, पहिली पाळी बंद. काका सकाळी रातपाळीहून परतला होता. मोर्चाला निघायच्या गडबडीत साचेवाला त्याच्यासमोर येऊन बसला आणि माझ्यासारखेच ओठ उघडून म्हणाला, "आज माका जागा नको. काळोख होयसर ही जागा तुझी. किती झोपतस ती झोप."

काका गोंधळला. "आणि मोर्चो?"

"तुझ्या वाटणीचा मी ओरडतंय."

"तुझ्यान व्हवचा नाय," काका म्हणाला, आणि आडवा झाला.

सगळी चाळ रिकामी झाली. मी एकटा त्याच्या पायाशी राहिलो. मित्रांनी नंतर मला घाबरट म्हणून घेतलं, घेऊ देत. भर दुपारी मी त्याच्या अंगठ्यावर बोटं ठेवली. तो वर आला, डोळे मिटलेलेच, एक बोट हललं नाही. लांबून परळच्या बाजूने घोषणांचा आवाज येत होता. त्याला तो नव्हता, मला होता. मग त्याच्या पापण्या सैल झाल्या आणि तो परत गेला. त्यानंतर मी त्याला उठवलं नाही.

उन्हं उतरल्यावर तो आपणहून जागा झाला. बोलला तेव्हा मला पुढे वाकावं लागलं, इतका हळू. मी त्याला तसं बोलताना आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"बोलली."

"काय बोलली?"

"बाबा, पेज निवली, जेवक ये." तो हसला. "दुसरा काय बोलतली?"

मला बरं वाटलं आणि थोडी धाकधूकही वाटली. कारण तो आवाज माझ्या शब्दावर उभा होता. मी खोटं सांगितलं नव्हतं. पण गावच्या बायकांचं बोलणं ते, त्यांनी थट्टेत काहीही म्हटलेलं असायचं. आजी गेली तेव्हा मी फार लहान होतो. तिची मला एक हाक तेवढी आठवत होती, पाटाच्या पलीकडून मारलेली. आणि मुलीने तशी मोठ्याने मारलेली हाक मी कधी ऐकली नव्हती.

महाराष्ट्र मुंबईसह झाला, चाळीवर कंदील लागले, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलगी मुंबईला आली. लग्नाच्या साड्या दादरला घ्यायच्या होत्या. ती खोलीत शिरली तेव्हा काका झोपलेला होता. पहिली दुपार, उठवायची वेळ. ती पुढे होऊन त्याचा खांदा धरणार, तेवढ्यात मी तिला थांबवलं.

"आधी हाक मार."

"बाबांका आयकाक येणा नाय मां," ती म्हणाली. पण हे ती दबून, माझ्याशी बोलली होती. त्यावरून काही कळेना.

"म्हायत असा. तरी मार. मोठ्यान."

तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं, आणि मग हाक मारली. "बाबाऽऽ, ऊठ, च्याय झाली!"

घोगरी, शेवटाला लांबवलेली. पाटाच्या पलीकडून येणारी. आजीचीच.

काका हलला नाही. मी अंगठ्यावर बोटं ठेवली. तो सावकाश वर आला, सवयीने थोडा वेळ डोळे मिटून पडला, आणि मग उघडले तेव्हा समोर मुलगी होती. तिचं तोंड चाललं होतं, प्रवासाचं काहीतरी सांगत होती. तो बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला.

"तसोच?"

मी ओठ पूर्ण उघडून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "तसोच."

त्याने मान हलवली आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. मुलगी बोलत होती ती बोलतच राहिली. दारात साचेवाला वळकटी घेऊन येऊन उभा राहिला होता. त्याने एकदा आत पाहिलं, वळकटी खांद्यावर टाकली आणि जाऊन गॅलरीत बसला.