वासाच्या मॅडम

मॅडम जिना चढून आल्या की लगेच आत यायच्याच नाहीत, दारात उभं राहून डोळे मिटून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आज औषधाचा आहे, काल सडल्यासारखा होता ना गं?" गल्लीतली लेकरं त्यांना वासाच्या मॅडमच म्हणायची. कुकटपल्लीत आमच्या घरामागंच कारखाना, आम्हाला तर तो वास कळायचाच बंद झालता, त्यांना मात्र रोज कळायचा.

कॉलेजात त्या हवापाण्याचा कायदा शिकवायच्या. गरमी वाढती, हवा बिघडती, त्याचा त्रास कुणाच्या माथी येतो, हाच त्यांचा अभ्यास, सगळी उमर त्यातच गेली म्हणायच्या. नारायणगुड्याच्या जुन्या मराठी घरातल्या, मोठी माणसं, तरी फरशीवर बसायच्या, माझ्या हातची भाकर खायच्या, आणि माझा लेक मुन्ना खोकला की घास तसाच हातात धरून बसायच्या. "हवा सगळ्यांची, खोकला मात्र तुमच्याच वाट्याला," म्हणायच्या. मी सातवीपर्यंत शिकलेली, माझं एवढं कोण ऐकून घेतं? गल्लीत सगळे तेलुगू बोलणारे, मराठी घर आमचं एकच, त्या आल्या की माहेरचं माणूस आल्यावानी वाटायचं, म्हणून बोलत गेले, सगळं सांगत गेले.

भीती एकच होती. आमचे हे त्याच कारखान्यात ड्रम उचलायच्या कामाला. मी मॅडमला हात जोडून सांगितलं, ह्यांची नौकरी गेली तर मुन्नाच्या दम्याचा पंप कुठून आणू. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही," म्हणाल्या.

नाहीच निघालं. मोठ्या हॉलात त्यांचं भाषण झालं, त्याचा व्हिडिओ फिरत फिरत कारखान्यात आला, सुपरवायझरनं ह्यांना समोर बसवून दाखवला. हे घरी आले ते चपला न काढता, फोन माझ्या हातात दिला. सगळं इंग्लिश, मला काय कळणार, आणि मधेच मॅडमच्या तोंडी माझंच बोलणं, मराठीत, मी ओढून बोलते तसंच ओढून: "लेकरू झोपेत शिट्टी वाजल्यावानी श्वास घेतंय हो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारी मराठी आई, असं पण त्या इंग्लिशमधे बोलल्या म्हणे. त्या भिंतीला लागून दुसरी मराठी आई कोण आहे?

ह्यांना उद्यापासून येऊ नको म्हणाले.

मी मॅडमला फोन लावला, रडत होते, धड बोलता येईना. त्या हळूच म्हणाल्या, "पण मी नाव कुठं घेतलं गं तुझं?" त्यांना खरंच तसं वाटत होतं. माझ्यावर ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. पुढं म्हणाल्या, भाषणामुळं आता कारखाना तपासायला सरकारी माणसं येणारेत, तू घाबरू नको. मी विचारलं, ते येतील तोवर आम्ही काय खायचं, कुठं राहायचं?

परवा त्या आल्या. जिन्यातच आवाज ओळखला मी, आतून कडी लावली. मुन्ना "मॅडम, मॅडम" करत दाराकडं पळाला, बाजूवाले त्याच कारखान्यातले, त्यांना ऐकू गेलं तर ह्यांना परत कामावर कोण घेईल, म्हणून मी त्याला घट्ट धरलं, त्याच्या तोंडावर हात ठेवला. बाहेर त्या दार वाजवत होत्या. मुन्नाला दम लागला. मी झटकन हात काढला.

दार नाही उघडलं.