पायली परत करणारी शालू

शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. शालूची सून वंदना एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेल्या..." दीड महिना होत आला, तरी ते शब्द कानातून जात नाहीत.

शालू आणि मी भंडाऱ्याच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. ती इतिहास, मी मराठी. सत्तर सालानंतर कधीतरी तिनं तिथल्या दोन रिकाम्या खोल्यांत संग्रहालय मांडलं. सुट्ट्यांत आम्ही एस.टी.नं गावोगाव हिंडायचो आणि परतताना मासे धरायचे बांबूचे सापळे, पितळी दिवे मांडीवर घेऊन बसायचो. कंडक्टर विचारायचा, "मॅडम, भंगाराचं दुकान टाकता का जी?" सगळ्यांत मोठ्यानं शालूच हसायची.

तीनेक वर्षांपूर्वी कॉलेजात कॉम्प्युटर आला आणि त्यासोबत संग्रहालयातल्या वस्तूंची नोंद ठेवायचा प्रोग्रॅमही. विदर्भातल्या आणखी काही लहान संग्रहालयांनी तोच घेतला होता आणि सगळेच अडखळत होते. शालू म्हणाली, "एकेकट्यानं डोकं फोडण्यापेक्षा सारे इथंच बसू न!" असा तो मेळावा भरला. माणसं जेवणाच्या डब्यासोबत फ्लॉप्या जपून घेऊन आली. कोणाचे ढोल 'भांडी' या रकान्यात जाऊन बसले होते, कोणाची सारी नोंदच पुसली गेली होती... एकमेकांच्या फजित्या ऐकून हॉल हसत होता.

दुपारी शालू नमुन्यादाखल धान मोजायची एक पितळी पायली टेबलावर ठेवून तिची नोंद कशी करायची ते दाखवत होती. तेवढ्यात एक बाई आत आली. बपेरा गावची पारबताबाई, बाजाराला आलेली, गावाकडच्या वस्तू मांडल्यात असं ऐकून डोकावलेली. पायली पाहताच ती थबकली.

"हे तं माह्या मायची होय. मरताना मले देली होती. भावानं न इचारता तुमाले देऊन टाकली. बुडाले पाहा, मायचं नाव हाय."

अध्यक्ष म्हणून आलेले नागपूरचे पाहुणे समजुतीनं म्हणाले, "बाई, एकदा नोंद झाली की वस्तू संस्थेची असते." शालूनं पायली उलटी केली, नाव वाचलं... मग म्हणाली, "नोंद राहील जी आमच्यापाशी. पायली त्यांची." पदरानं पुसून तिनं ती पारबताबाईच्या हातात दिली. पायली पोटाशी धरून ती बाई निघून गेली.

आठवडा उलटायच्या आत कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं शालूकडून त्या खोल्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या. इतक्या वर्षांत जमवलेल्या वस्तू ती मग येताजाता खिडकीतून पाहायची. एकदा मी चिडून म्हटलं, "काहून दिली गं?" ती म्हणाली, "सुमे, मले दुसरं काही सुचलंच नाही." आणि रडली. मी तिला रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

पुढचा मेळावा झालाच नाही. पण त्या दिवशी आलेली माणसं काही अडलं की रविवारी शालूच्या पडवीत येऊ लागली. कॉम्प्युटर नाही, अध्यक्ष नाही. पोहे, चहा आणि भरपूर वाद.

मागच्या रविवारी मी शालूच्या पडवीत वंदनाजवळ बसले होते. गोंदियाकडचे एक गृहस्थ आले, तिथलं छोटं संग्रहालय सांभाळणारे. शालू गेल्याचं त्यांना कळलं नव्हतं. वंदनानं सांगितल्यावर ते पायरीवरच बसले. म्हणाले, "एक म्हातारा त्याच्या बापाचा ढोल परत मागून राहिला जी. ताईले विचारायचं होतं, काय करू..."

वंदनानं चहा आणून दिला. चहा संपवून ते उठले. "देऊन टाकतो," म्हणाले. फाटकापाशी जाऊन वळले. "पुढल्या रविवारी आलो तर चालेल न?"

"या न," वंदना म्हणाली आणि कप उचलायला वाकली.